एक तोळ्याची गोळी

१८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. कंपनी सरकारने १८३३ साली तोळ्याचं वजन असं बांधून दिलं आणि पुढची सव्वाशे वर्षं सराफकट्ट्यावर तेच चाललं. आज पुण्यात सोन्या मारुती चौकातला सराफ १० ग्रॅमला तोळा म्हणतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. ग्रेन आपल्या बाजारातून गेला, पण बंदुकीच्या गोळीचं वजन जगभर अजून ग्रेनमध्येच सांगतात.

हा हिशेब मला मंडईत मांडावा लागला. ओहायोहून भाच्याचा फोन आला होता, आणि मला हल्ली कमी ऐकू येत असल्यामुळे तो स्पीकरवर होता. "मामा, .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये हरणासाठी गोळी घ्यायचीय. १२५ ग्रेनची घेऊ, १५८ ची का १८० ची? तुम्ही आयुष्य गोळ्या तपासण्यात घालवलंत, तुम्हीच सांगा." कट्ट्यावरच्या मंडळींनी माना वळवल्या. मी तोळ्यात सांगितलं: पहिली पाऊण तोळ्याच्याही आत, दुसरी तोळ्याला थोडी कमी, तिसरी पुरा तोळा. "मग तोळ्याची घे म्हणावं, जड ती चांगली," कांदा-बटाट्याचा गाळा असलेल्या मित्राने निकाल देऊन टाकला. मंडई विद्यापीठात निकाल आधी लागतो, चर्चा मागाहून होते. या वेळी निकाल बरोबर निघाला, पण तो का बरोबर आहे हे तिथे कुणालाच सांगता येईना.

मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालो. १८६९ सालचा हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत मोडतो. मी बंदूकवाला नाही, गोळीवाला. हरीण मी कधी मारलेलं नाही आणि मारायची हौसही नाही. पण शिशाचा तुकडा नळीतून सुटल्यावर काय करतो, याबद्दल मला चार गोष्टी कळतात.

आधी कायद्याचं सांगून टाकतो, नाहीतर हे वाचून कुणाच्या तरी अंगात शिकारी संचारायचा. भारतात हरणाची शिकार हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला काही जनावरांसाठी परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने तेही दार बंद झालं. मुळशीच्या डोंगरातलं भेकर असो, भीमाशंकरचं सांबर असो की विदर्भातलं चितळ, हौस म्हणून मारलं की गुन्हा. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर आणि रोह्यासाठी महाराष्ट्रात वनखात्याच्या परवानगीने वेगळी वाट आहे, पण त्यात हरीण बसत नाही.

शिवाय आपल्याकडच्या परवानाधारकाच्या कमरेला जे असतं, ते या कामाचंही नाही. .३८ आणि ९ मिलिमीटर ही मापं सामान्य माणसाला बंद असल्यामुळे बहुतेकांकडे कानपूरचं .३२ चं रिव्हॉल्व्हर असतं. २०१४ मध्ये 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर आलं आणि त्याच्या सव्वा लाखाच्या किमतीची बरीच चर्चा झाली, तेही .३२ चंच. त्याची गोळी ९८ ग्रेनची, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून जराशी जास्त, आणि सुटते सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्याही आतल्या वेगाने. तिचा जोर दीडशे ज्यूलच्या आसपास. हरणाला त्या गोळीने जखम होईल, जनावर झाडीत शिरेल आणि दोन दिवसांनी कुठेतरी तडफडून मरेल. म्हणजे कायदा आडवा आला नसता तरी मी नको म्हटलं असतं.

ओहायोची गोष्ट निराळी आहे. तिथलं पांढऱ्या शेपटीचं हरीण १९०४ पर्यंत राज्यातून जवळजवळ पुसलं गेलं होतं. मग बाहेरून आणून सोडलं, जपलं, आणि १९४३ पासून ठरावीक मोसमात शिकार पुन्हा सुरू केली. आज तिथे हरणं मक्यात शिरतात, रात्री गाड्यांवर आदळतात. शिकार करायची तर आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम, मग परवाना, मग हरणाचा वेगळा परवाना, अंगावर भगव्या-नारिंगी रंगाचं जाकीट, आणि मारलेल्या प्रत्येक जनावराची नोंद. रिव्हॉल्व्हरने शिकार करायची असेल तर नळी किमान ५ इंचांची आणि काडतूस .३५७ किंवा त्याहून मोठं, असा तिथला नियम आहे. मांस विकता येत नाही. खा किंवा वाटा. आमच्या बहिणीच्या डीप फ्रीझरमध्ये हे मांस पाकिटं करून ठेवलेलं असतं.

रिव्हॉल्व्हरच का, हा प्रश्न मीही भाच्याला विचारला. रायफल आहे, छर्ऱ्याची बंदूक आहे. तो म्हणाला, जवळ जावं लागतं म्हणून. पन्नास वाराच्या आत जनावर येईपर्यंत थांबायचं, वारा बघायचा, हलायचं नाही. एखादा मोसम असा जातो की चापाला बोट लागत नाही. मला हे उत्तर पटलं. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या माणसांनी बंदूक घेऊन रान तुडवलं आणि रानच हातात राहिलं, त्यातलाच हा प्रकार असावा.

आता गोळी. जनावर गोळीने मरतं म्हणजे कशाने मरतं? सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून पडतो, तसं काही होत नसतं. छातीत फुप्फुसं आणि हृदय फाटतं, रक्त जातं, मेंदूचं रक्त तुटतं आणि जनावर पडतं. हृदयावर नेमका बार बसला तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंदांचा प्राणवायू शिल्लक असतो, आणि तेवढ्यात हरीण शंभर मीटर पळू शकतं. मणक्यात किंवा मेंदूत लागली तरच ते जागेवर कोसळतं. पण ती जागा एवढीशी, आणि चुकली की जबडा फुटलेलं जनावर निघून जातं. म्हणून शहाणा शिकारी पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या पेटीवर नेम धरतो, तोही जनावर आडवं उभं असताना.

रायफलच्या आणि रिव्हॉल्व्हरच्या गोळीत इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मोठी रायफल सेकंदाला आठशे-साडेआठशे मीटरने गोळी फेकते. तिचा जोर साडेतीन-चार हजार ज्यूलच्या घरात. त्या वेगाला मांस नुसतं टोचलं जात नाही, ते गोळीच्या वाटेपासून बाजूला फेकलं जातं, ताणून फाटतं, आणि वाटेला नुसतं लागून असलेलं फुप्फुसही कामातून जातं. रिव्हॉल्व्हरची गोळी फार तर त्याच्या निम्म्या वेगाला पोचते. तिच्या बाजूचं मांस ताणलं जातं आणि रबरासारखं परत जागेवर येतं. तिने स्वतःच्या अंगाने जेवढं चिरडलं, तेवढंच भोक पडतं. म्हणून रायफलवाल्याला गोळीच्या बाबतीत थोडी ढिलाई परवडते, रिव्हॉल्व्हरवाल्याला अजिबात नाही. त्याच्यापाशी जोर आधीच तोकडा असतो, आणि तो भोक रुंद करण्यात घालवायचा की खोल करण्यात, हे बार टाकण्याआधी ठरवावं लागतं.

माझं मत खोलीच्या बाजूने आहे, आणि या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच.

पण दुकानातल्या डब्यावर याच्या उलट वाचायला मिळतं. डब्यावर जोर लिहिलेला असतो आणि गिऱ्हाईक तो आकडा बघून हुरळतं. .३५७ मॅग्नमचंच घ्या. हे काडतूस १९३५ साली स्मिथ अँड वेसनने आणलं. त्यात १२५ ग्रेनची हलकी गोळी चार इंची नळीतून सेकंदाला साधारण ४४० मीटरने सुटते, जोर ७९० ज्यूल. १५८ ग्रेनची गोळी ३७५ मीटरने सुटते, जोर ७२५ ज्यूल. कागदावर हलकी गोळी जिंकली, कारण जोराच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो. वेग थोडा वाढला की आकडा फुगतो. हरणाच्या बरगडीला हे सूत्र माहीत नसतं. दोन्ही गोळ्या सारख्याच जाडीच्या. जी जड, ती लांब, आणि तेवढ्याच जाडीच्या मागे जास्त वजन असलं की ती वाटेत सहज थांबत नाही. वर ही १२५ ग्रेनची पोकळ नाकाची गोळी बनवली गेली ती अमेरिकी पोलिसांसाठी. माणसाच्या अंगात शिरावी, फुलावी आणि पलीकडच्या रस्त्यावरच्या माणसाला न लागता आतच थांबावी, हे तिचं काम. ते ती चोख करते. हरणाच्या खांद्याच्या हाडापाशीही ती तेच करते, म्हणजे फुटते आणि थांबते. बिचारीने शिकवल्याप्रमाणे केलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बहिणीकडे गेलो होतो तेव्हा भाचा मला त्यांच्या गोळीबाराच्या मैदानावर घेऊन गेला. तिथे मंडळी एक साधी परीक्षा घेतात. जुनी वर्तमानपत्रं रात्रभर पाण्यात भिजत घालायची, दुसऱ्या दिवशी त्यांचे गठ्ठे खोक्यात एकामागे एक घट्ट रचायचे आणि त्यात बार टाकायचा. ओला कागद म्हणजे मांस नव्हे, पण दोन गोळ्यांची तुलना करायला तो चांगला साक्षीदार आहे. भाच्याने आधी १२५ ची पोकळ नाकाची मारली. आम्ही कागद पानापानाने सोडवत गेलो. पुढच्याच गठ्ठ्यात एवढा मोठा खड्डा, कागदाचा नुसता लगदा, आणि त्यात तांब्याच्या कवचाच्या चिंध्या. शिशाचा गाभा थोडा पुढे, चपटा होऊन बसलेला. मग १५८ ची, कवच असलेली पण नाकाशी शिसं उघडं ठेवलेली. तिचा खड्डा लहान, वाट लांब, आणि गोळी शेवटी छत्रीसारखी उमलून पण एकसंध सापडली. तिसरी १८० ग्रेनची, कडक शिशाची, ओतीव, नाक सपाट. ती सापडलीच नाही. सगळे गठ्ठे भेदून मागच्या मातीच्या बांधात गेली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदात एकसारखं गोल, कडा तोडल्यासारखं भोक. भाचा जरा हिरमुसला. त्याला तो पहिला खड्डा आवडला होता. मी म्हटलं, बाबा, हरणाची छाती आडवी धरली तर फूट-सव्वा फूट, आणि दोन्ही बाजूंना कातडं. तुला खड्डा अलीकडे हवाय का पलीकडे वाट हवीय?

पलीकडे वाट हवी, यालाही कारण आहे. गोळी आरपार गेली तर भोकं दोन पडतात, आणि बाहेर पडतानाचं भोक बहुधा खालच्या अंगाला असतं. तिथून रक्त जमिनीवर गळतं. संध्याकाळच्या उजेडात, पानगळीच्या ढिगांत जनावर शोधायचं तर तो माग हाच आधार. गोळी आत राहिली आणि भोक वर असलं, तर रक्त छातीच्या पेटीत साठतं, जमिनीवर टिपूस नाही, आणि मेलेलं जनावरही सापडत नाही.

सपाट नाकाची गोष्ट थोडी तपशिलाने सांगतो, कारण माझ्या मते रिव्हॉल्व्हरच्या गोळीत खरी गोम तिथे आहे. गोल नाकाची गोळी मांसातून वाट काढते, मांसाला बाजूला सारते, आणि मागे भोक आवळून येतं. सपाट नाकाची गोळी मांस सारत नाही, चिरडते; भोक उघडं राहतं. शिवाय ती सरळ जाते. आयडाहोमधला एल्मर कीथ नावाचा गुरं राखणारा आणि लिहिणारा माणूस होता; त्याने १९२० च्या दशकात .४४ साठी सपाट नाकाची, खांद्याशी धारदार कड असलेली ओतीव गोळी आखली. भरपूर दारू भरून तो ती वापरत असे आणि कंपन्यांच्या मागे लागत असे की असं काडतूस काढा. त्याच्या हट्टातून .४४ मॅग्नम आलं, १९५५ च्या अखेरीस. त्यात २४० ग्रेनची, म्हणजे सव्वा तोळ्याहून भारी गोळी असते, आणि जाडी जवळजवळ ११ मिलिमीटर. म्हणजे न फुलताही भोक रुंदच. ज्याला तिचा धक्का झेपतो, त्याने हरणासाठी .४४ घ्यावं आणि मग पोकळ नाक का भरीव नाक हा वादही फारसा उरत नाही. वजन एवढं असतं की चांगल्या बांधणीची फुलणारी गोळीसुद्धा पुरेशी आत जाते. हॉर्नेडी कंपनीची एक्सटीपी ही गोळी त्याच हिशेबाने बांधलेली आहे, फुलते पण बेताने. .३५७ वाल्याला मात्र निवड जपून करावी लागते. १५८ च्या खाली उतरू नये. भरवसा हवा तर तोळ्याची, कडक.

कडक शिसं म्हणजे काय, हे मंडईच्या आसपास वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पेठांमधून छापखाने होते तेव्हा जुळाऱ्यांच्या हातात जे खिळे असत, ते याच जातीचे: शिसं, अँटिमनी आणि कथील. नुसतं शिसं नखाने ओरखडतं. त्यात अँटिमनी घातलं की ते कडक होतं, आणि कथिलामुळे साच्यात नीट भरतं. लायनोटाइपच्या धातूत शंभरात साधारण १२ भाग अँटिमनी आणि ४ भाग कथील. अमेरिकेत घरी गोळ्या ओतणारे लोक जुन्या छापखान्यांचा हा धातू शोधत हिंडतात. आपल्याकडे ऑफसेट आल्यावर खिळ्यांच्या केसच्या केस भंगारात वजनावर गेल्या. मऊ शिशाची गोळी वेगाने मारली तर नळीच्या आट्यांना शिसं चिकटतं आणि नेम बिघडतो. मिश्रण बेताचं ठेवावं लागतं. फार कडक केलं तर गोळी हाडावर तडकते.

आता कवचाचं एक विपरीत सांगतो. लष्करी गोळी पुढून पूर्ण तांब्याने मढवलेली असते. ती फुलत नाही. हे काही युद्धशास्त्राने ठरलं नाही. कोलकात्याचा विमानतळ आज जिथे आहे त्या दमदमला ब्रिटिशांचा दारूगोळा कारखाना होता. तिथे कॅप्टन बर्टी-क्ले याने १८९० च्या दशकात .३०३ च्या गोळीच्या नाकावरचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. सरहद्दीवरच्या पठाणांना साधी गोळी थांबवत नाही, अशी फौजेची तक्रार होती. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती गोळी वापरली गेली आणि युरोपात गहजब झाला. २९ जुलै १८९९ रोजी हेगच्या परिषदेत ठराव झाला: अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी युद्धात वापरू नये. ब्रिटनने तेव्हा ते टाळलं, १९०७ साली मान्य केलं. माझ्या खात्यातली गोळी म्हणून कवचबंद, आणि कवच तडकलेला माल आम्ही बाद करत असू. शिकारीचा नियम नेमका उलटा. अमेरिकेतल्या काही राज्यांत हरणासाठी पूर्ण कवचाची गोळी चालतच नाही, फुलणारी हवी. शत्रूला मारताना जी क्रूर ठरली, ती जनावराला मारताना दयेची ठरते, कारण ती लवकर मारते. मंडईत हे सांगितलं तेव्हा कुणी तरी म्हणालं, "म्हणजे माणूस लंगडत मेला तर चालेल?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. कवचबंद गोल नाकाची गोळी रिव्हॉल्व्हरमधून हरणावर मारू नये, एवढं मात्र खात्रीने सांगतो. ती आरपार जाते, पण मागे भोक ठेवत नाही म्हटलं तरी चालेल.

गोळी कितीही चांगली घेतली तरी ती जायची तिथे गेली पाहिजे. आणि रिव्हॉल्व्हर हे नेमाच्या बाबतीत फार नाठाळ हत्यार आहे. नळी आखूड, टेकवायला खांदा नाही, आणि .४४ चा आवाज व धक्का असा की चाप दाबण्याआधीच डोळे मिटतात. तिथले जुने शिकारी यावर एक कसोटी सांगतात. कागदाची जेवायची ताटली, आठ-नऊ इंचांची, झाडाच्या बुंध्यासमोर लावायची. जेवढ्या अंतरावरून तुमच्या सगळ्या गोळ्या ताटलीत बसतात, एकही बाहेर न जाता, तेवढं तुमचं अंतर. हरणाच्या छातीतली कामाची जागा साधारण ताटलीएवढीच. भाच्याची ताटली मैदानावर, टेकू घेऊन, पन्नास वारावर जमत होती. उभं राहून हाताने, धाप लागलेली असताना, तीसवरही जमेना. मग तीस वार हेच त्याचं अंतर, डब्यावर काहीही छापलेलं असो. सराव हलक्या काडतुसावर करावा; .४४ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .४४ स्पेशल हे थोरलं, मवाळ भावंड चालतं, .३५७ मध्ये .३८ स्पेशल. हाताला दचकायची सवय लागली की ती सुटायला फार वेळ जातो. आणि कानात बोळे घातल्याशिवाय एकही बार टाकू नये. माझ्यासारखा स्पीकरवर फोन घ्यायची वेळ येते.

यात बहिणीचं स्वयंपाकघरही येतं. हरणाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे ते झटपट शिजवायला गेलं की चामडं होतं. ती ते दह्यात मुरवते, पुण्याहून नेलेला कांदा-लसूण मसाला लावते आणि कुकरमध्ये बऱ्याच शिट्ट्या देते. पण त्याआधी पाटावर बसून, हो, ओहायोतही तिचा पाट आहे, मांसाचा तुकडा न् तुकडा बोटाने चाचपते. जखमेभोवतीचं काळंनिळं मांस ती चार बोटं सोडून काढून टाकते. "याच्या गोळीपायी माझं अर्धं फऱ्याचं मटण जातं," ही तिची तक्रार. फुटणारी हलकी गोळी नको असण्याचं हे दुसरं कारण. फुटलेल्या गोळीचे शिशाचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. क्ष-किरणाखाली ते जखमेपासून बरेच लांब गेलेले दिसतात. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्याने गरिबांना वाटलेलं हरणाचं मांस शिसं सापडल्यामुळे फेकून द्यायला सांगितलं होतं. घरात लहान मूल असेल तर हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. शिसं लहान मुलांच्या मेंदूला बाधतं.

शिकारी आतडी जंगलातच टाकून येतो, ती गरुड आणि गिधाडं खातात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. आपल्याकडची गिधाडं गुरांच्या डायक्लोफेनॅकने संपत आली, तिकडचा कॅलिफोर्निया काँडोर शिशाने. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद केली. त्यामुळे आता निखळ तांब्याच्या गोळ्या मिळतात. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच लांबीची गोळी वजनाला कमी भरते. पण ती फुलली तरी पाकळ्या तुटत नाहीत आणि वजन जवळजवळ सगळं टिकवते, त्यामुळे आत चांगली जाते. तांब्याच्या बाबतीत वजनाचा माझा नियम थोडा सैल धरावा: .३५७ मध्ये १४० ग्रेनची तांब्याची गोळी चालून जाते. महाग पडते. पण मोसमात दोन-तीन बार टाकणाऱ्याने गोळीच्या किमतीचं रडगाणं गाऊ नये. सरावाला स्वस्त शिसं वापरा आणि रानात तांबं न्या. फक्त रानात न्यायची गोळीही ताटलीवर आधी मारून बघा, कारण दोन गोळ्यांचा नेम एकाच जागी पडेल याची हमी नसते.

भाच्याने शेवटी १८० ग्रेनची घेतली. पहिल्या मोसमात त्याने बार टाकला नाही. हरीण आलं होतं, पण तोंड समोर करून उभं राहिलं आणि वळलंच नाही. समोरून छाती अरुंद, हाड आडवं. त्याने रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं हे मला बरं वाटलं.

आता ज्यांचं ओहायोशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी. पेठांतले वाडे पाडले जातात तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकांतून वस्तू निघतात: आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर, हिरवट चढलेली काडतुसं, सांबराची शिंगं, चितळाचं कातडं. मला विचारायला लोक येतात, म्हणून लिहितो. काडतूस जुनं म्हणून निरुपयोगी समजू नका. ते कधी उडेल सांगता येत नाही, आणि परवान्याशिवाय एक काडतूसही घरात ठेवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. ते नदीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, ठोकून तर अजिबात बघू नका. हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा आणि ते जमा झालं की पावती घ्या. शिंगं-कातड्यांना मालकीचा दाखला लागतो. तो घरात सापडला नाही तर वनखात्याकडे जा. आजोबांची आठवण म्हणून भिंतीवर त्यांचा फोटो लावा.